इटलीच्या झेंड्यात निळा रंगच नाही, मग जर्सी निळी का?

निळी_शाई:
मंडळी, प्रश्न बाळबोध आहे, हसू नका. भाचा सध्या 'जोड्या लावा' खेळतोय, एका बाजूला झेंडे आणि दुसऱ्या बाजूला फुटबॉलच्या जर्सी, आणि मला पंच केलंय. अर्जेंटिना, स्पेन, पोर्तुगाल पटापट झाले. मग इटली आली. झेंडा हिरवा-पांढरा-लाल, जर्सी निळी. कार्टं म्हणतं मामा हे चित्र चुकलंय, यात निळा आहेच कुठे. मी ठोकून दिलं की इटलीच्या तिन्ही बाजूंना समुद्र आहे ना, म्हणून निळी. त्याला पटलं, मलाच पटलं नाही. पुढे नेदरलँड्स (झेंडा लाल-पांढरा-निळा, जर्सी नारिंगी), जर्मनी (झेंडा काळा-लाल-सोनेरी, जर्सी पांढरी), जपान (पांढऱ्यावर लाल गोळा, जर्सी परत निळीच) असं करत करत भाच्याचं मत झालंय की जर्सी शिवणाऱ्यांना झेंडे पाठ नाहीत.

तर जाणकारांनी सांगा, देशाच्या टीमचा रंग ठरतो कसा आणि ठरवतं कोण? आणि ते छातीवर चौकटी, पट्टे, पक्षी, सिंह असतात त्यांना खरंच काही अर्थ असतो की कंपनीने जर्सी खपवायला लिहिलेलं असतं? समुद्राची थाप मागे घ्यायचीय, जरा लवकर.

---

जुना_फुलबॅक:
समुद्र नाही हो, राजघराणं.

इटली एक देश झाला १८६१ साली तो सॅव्हॉय घराण्याच्या राजाखाली, आणि निळा हा त्या घराण्याचा रंग. हा निळा त्यांच्याकडे कुठून आला त्याची गोष्ट अशी सांगतात की १३६६ मध्ये या घराण्यातला सहावा आमादेओ धर्मयुद्धाला जहाजं घेऊन निघाला तेव्हा त्याने घराण्याच्या लाल-पांढऱ्या निशाणाशेजारी मदर मेरीचा म्हणून एक निळा झेंडा लावला. खरंखोटं त्या जहाजाला माहीत, पण तेव्हापासून निळा त्यांना चिकटला.

आता फुटबॉलकडे. इटलीची पहिली मॅच १५ मे १९१०, मिलानमध्ये फ्रान्सविरुद्ध, ६-२ ने जिंकले, आणि ती खेळले पांढऱ्या शर्टात! निळा शर्ट आला ६ जानेवारी १९११ ला हंगेरीविरुद्ध, परत मिलानमध्येच, आणि त्यात ०-१ ने हरले. म्हणजे शकुन-अपशकुन बघणारे असते तर त्याच दिवशी निळा बाद झाला असता.

पण तुमच्या भाच्याला सांगायची खरी गंमत वेगळीच आहे. जर्सी ठरली तेव्हा इटलीच्या झेंड्यात निळा होता. मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर सॅव्हॉय घराण्याची ढाल असायची, लाल ढाल, त्यावर पांढरा क्रॉस आणि ढालीला निळी किनार. जून १९४६ मध्ये सार्वमत झालं, लोकांनी राजा नको म्हणून सांगितलं, राजा देश सोडून गेला, झेंड्यावरची ढाल काढली. जर्सीला मात्र कोणी हात लावला नाही. पुढे या घराण्याच्या पुरुष वारसांना इटलीत पाय ठेवायची बंदी होती ती पार २००२ पर्यंत, म्हणजे विचार करा, १९८२ चा वर्ल्ड कप इटलीने ज्या रंगात जिंकला तो रंग ज्याच्या घरचा, त्याला तो सोहळा बघायला स्वतःच्या देशात यायची सोय नव्हती.

तेव्हा जर्सी शिवणाऱ्यांना झेंडा पाठ होता, झेंडाच नंतर बदलला.

---

निळी_शाई:
ओह! हे म्हणजे घर विकलं पण दारावरची पाटी तशीच राहिली. समुद्र मागे घेतला.

---

कोपऱ्यातली_सीट:
फुलबॅककाका एक राहिलं, काळा शर्ट. १९३८ च्या वर्ल्ड कपला पॅरिसमध्ये क्वार्टर फायनल इटली विरुद्ध फ्रान्स, दोघंही निळे. इटलीने बदली शर्ट पांढरा घालायचा तर मुसोलिनीच्या राजवटीने घालायला लावला काळा, फॅसिस्टांच्या काळ्या शर्टाचा काळा. यजमानांच्या घरात, त्याच राजवटीपासून पळून आलेले कितीतरी इटालियन तिथे राहात असताना. ३-१ जिंकलेही. जर्सीने राजकारण करायचं म्हणजे काय हे बघायचं तर ते उदाहरण, बाकी सगळं त्यापुढे किरकोळ.

---

संत्र्याची_साल:
नेदरलँड्सचं मी सांगते, कारण माझी टीम. (हो, तीन फायनल हरलेली टीम. माहीत आहे. नका लिहू.)

इथेही घराणंच. ऑरेंज हे मुळात फ्रान्सच्या दक्षिणेतलं एक छोटं संस्थान, फळाशी काही संबंध नाही. ते वारशाने विल्यमकडे आलं आणि हा विल्यम ऑफ ऑरेंज सोळाव्या शतकात स्पेनच्या राजाविरुद्धच्या डच बंडाचा पुढारी झाला, म्हणून नारिंगी त्यांचा रंग. आणि आता मजा बघा, त्या बंडाच्या काळातला त्यांचा झेंडा नारिंगी-पांढरा-निळाच होता! हळूहळू नारिंगीच्या जागी लाल आला आणि मग १९३७ मध्ये राणीने हुकूम काढून लाल-पांढरा-निळा पक्का केला. म्हणजे इटलीसारखंच, झेंड्यातून रंग गेला आणि जर्सीत राहिला. फक्त यांनी राजघराणं ठेवलंय, त्यामुळे कोणाला खटकत नाही.

आणि डच जर्सी म्हटल्यावर क्रायफचे (त्यांचा तेव्हाचा कॅप्टन) दोन पट्टे सांगायलाच हवेत. १९७४ चा वर्ल्ड कप, सगळ्या टीमच्या बाहीवर आदिदासचे तीन पट्टे, क्रायफचा करार प्यूमाशी, तो म्हणाला मी नाही घालणार. मग त्याच्या एकट्यासाठी दोन पट्ट्यांची जर्सी. जुने फोटो मोठे करून बघा, दिसतं. देश, राजा, बंड सगळं ठीक आहे पण एका माणसाच्या हट्टापायी एक पट्टा उसवला गेला हे मला जास्त आवडतं.

---

मिडफिल्ड_मास्तर:
जर्मनीचं सोपं आहे. पांढरा-काळा हे प्रशियाचे रंग, जर्मन फुटबॉल संघटना १९०० साली लाइपझिगला स्थापन झाली तेव्हा जर्मन साम्राज्यात प्रशियाचाच दबदबा, म्हणून पांढरा शर्ट काळी चड्डी. आणि त्यांची अवे (म्हणजे बदली) जर्सी हिरवी असायची कारण दुसऱ्या महायुद्धानंतर कोणी त्यांच्याशी खेळायला तयार नव्हतं तेव्हा पहिल्यांदा आयर्लंड खेळलं, त्याची आठवण म्हणून आयर्लंडचा हिरवा. किती छान ना.

---

रेफरी_आंधळा_आहे:
मास्तर, छान आहे पण खोटं आहे. ही गोष्ट इतक्या वेळा ऐकलीये की आता कंटाळा आला. युद्धानंतर पश्चिम जर्मनीची पहिली मॅच २२ नोव्हेंबर १९५० ला स्टुटगार्टला झाली, समोर स्वित्झर्लंड, १-० जिंकले. त्यानंतरची दुसरी मॅचसुद्धा १९५१ मध्ये स्वित्झर्लंडशीच. आठवणच ठेवायची तर अवे जर्सी लाल नको का? हिरवा-पांढरा हे जर्मन फुटबॉल संघटनेचे स्वतःचे रंग आहेत, इतकं साधं आहे ते. प्रशियाचा भाग मात्र बरोबर.

---

मिडफिल्ड_मास्तर:
च्यायला. वीस वर्षं लोकांना सांगतोय हे.

---

शंकासूर:
मास्तर वाईट वाटून घेऊ नका, तुमच्यामुळेच माझा मुद्दा सिद्ध होतोय. रंग आधी येतो, बहुतेक वेळा अगदी फालतू कारणाने येतो, आणि अर्थ नंतर लोक चिकटवतात. मग तो अर्थ गोड असला की खरा आहे का ते कोणी बघत नाही.

सगळ्यात मोठं उदाहरण ब्राझील. तुमच्या भाच्याने ती जोडी बरोबर लावली असणार कारण पिवळा-हिरवा झेंडा, पिवळी-हिरवी जर्सी. पण १९५० मध्येही ब्राझील पांढऱ्या शर्टात खेळत होता, निळी कॉलर. १६ जुलै १९५०, रिओचं माराकाना स्टेडियम, स्वतःच्या देशातला वर्ल्ड कप, नुसता ड्रॉ झाला तरी कप यांचा, आणि उरुग्वेने २-१ ने हरवलं. अख्खा देश सुतकात. खापर कोणाकोणावर फुटलं त्यात शर्टही आला, म्हणे पांढऱ्यात देशाचं काही दिसतच नाही. हाच पांढरा घालून १९१९ चा कोपा (दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा) जिंकले होते तेव्हा कोणाला काही खुपलं नव्हतं!

मग १९५३ मध्ये 'कोहेयु दा मान्यां' नावाच्या वर्तमानपत्राने स्पर्धा ठेवली, झेंड्यातले चारही रंग वापरून युनिफॉर्म करा, हिरवा, पिवळा, निळा, पांढरा. चार रंग एका माणसाच्या अंगावर बसवायचे म्हणजे विदूषक व्हायची भीती. जिंकला आल्दिर गार्सिया श्ली नावाचा पोरगा, वय फार तर एकोणीस. त्याने केलं काय, तर शर्ट पिवळा, कॉलर आणि बाहीची कड हिरवी, चड्डी निळी, मोजे पांढरे. संपलं. आजतागायत तेच चालू आहे. आणि कळस म्हणजे हा मुलगा उरुग्वेच्या सीमेला लागून असलेल्या जाग्वारांव गावचा, आणि फुटबॉलमध्ये सपोर्ट करायचा उरुग्वेला. पुढे तो लेखक म्हणून नावाजला. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये वारला, आणि दुसऱ्याच दिवशी लंडनला ब्राझील-उरुग्वे मॅच होती. हे कोणी गोष्टीत लिहिलं असतं तर संपादकाने परत पाठवलं असतं.

आता पुढचं ऐका. १९५८, वर्ल्ड कप फायनल, समोर स्वीडन, तेही पिवळे आणि यजमान. ब्राझीलला दुसरा रंग घालणं भाग. पांढरा घालायला कोण तयार होणार, १९५० चं भूत मानेवर. शेवटी निळे शर्ट आणले, पिवळ्या शर्टावरचे बिल्ले उसवून त्यावर शिवले, आणि खेळाडूंचे चेहरे पडलेले बघून पथकाचे प्रमुख पाउलो माशादो द कार्व्हाल्यो यांनी सांगितलं की निळा म्हणजे आपल्या अपारेसिदा देवीच्या वस्त्राचा रंग, आता काळजी नाही. ५-२ जिंकले. झाला निळा पवित्र! रंग आला अडचणीतून आणि अर्थ आला ड्रेसिंगरूममधल्या भाषणातून. हरले असते तर देवीचं नाव कोणी काढलं असतं का?

---

संत्र्याची_साल:
शंकासूर, मान्य, पण मग आता ब्राझीलमध्ये काय झालंय ते पण बघा ना. माजी अध्यक्ष बोल्सोनारोच्या समर्थकांनी मोर्चाला पिवळी जर्सी घालायला सुरुवात केली तेव्हा बाकीच्या कितीतरी लोकांना ती घालायचीच लाज वाटायला लागली, २०२२ च्या वर्ल्ड कपच्या आधी तर हा मोठा चर्चेचा विषय होता. म्हणजे नंतर चिकटलेला अर्थ काही कमी जड नसतो. धुतला तरी जात नाही.

---

चौकट_राजा:
शंकासूर, सगळीकडे हा नियम लावू नका. क्रोएशिया बघा.

ती लाल-पांढरी चौकट, तिला ते शाहोव्नित्सा म्हणतात, म्हणजे बुद्धिबळाचा पट. त्यांच्या भाषेत बुद्धिबळाला 'शाह' म्हणतात, आपण शह देतो तोच फारसीतला शब्द. दंतकथा आहे की त्यांचा राजा स्त्येपान द्रझिस्लाव्ह व्हेनिसवाल्यांच्या कैदेत होता, तिथल्या प्रमुखाला बुद्धिबळात तीनदा हरवून सुटला, म्हणून पट निशाणावर. दंतकथा सोडून द्या, पण चौकटीचं चिन्ह शेकडो वर्षं जुनं आहे हे नक्की.

आता तारखा बघा. क्रोएशियाने या चौकटीच्या जर्सीत झाग्रेबला अमेरिकेविरुद्ध मॅच खेळली १७ ऑक्टोबर १९९० ला, २-१ जिंकले. स्वातंत्र्य जाहीर केलं २५ जून १९९१ ला. फिफात गेले १९९२ मध्ये. म्हणजे देश नव्हता तेव्हा जर्सी होती! क्रोएशिया तेव्हा युगोस्लाव्हियाचाच भाग, अजून युगोस्लाव्हियाची टीम खेळत होती हो. जर्सी केली मिरोस्लाव शुतेय या चित्रकाराने, देशाचं नवं राजचिन्हही त्याचंच. इथे रंग अडचणीतून आला आणि अर्थ मागून असं काही नाही, आधी अर्थ, मग जर्सी, मग देश.

आणि त्या पटाचा वरचा डावा चौकोन लाल की पांढरा यावरसुद्धा माणसं भांडतात. राजचिन्हात तो लाल आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या पाठिंब्यावरची जी उस्ताशांची राजवट होती तिच्या चिन्हात तो पांढरा होता. त्यामुळे पांढऱ्यापासून सुरू होणारा पट कोणी फडकवला की बघणारा विचारतोच की तू नक्की कुठला. एका चौकोनाने! आपल्याला लांबून वाटतं काय तो पिकनिकच्या टेबलावरचा कपडा.

तसंच युक्रेन, २०२१ च्या जूनमध्ये, युरोच्या (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या) तोंडावर. पिवळ्या जर्सीवर छातीवर पांढऱ्या रेघेने देशाचा नकाशा, अगदी फिका, पण त्यात रशियाने बळकावलेला क्रायमिया धरलेला. रशियाने तक्रार केली. नकाशा राहिला, पण कॉलरच्या आत 'वीरांचा जयजयकार असो' अशा अर्थाचं जे वाक्य होतं ते यूएफाने (युरोपच्या फुटबॉल संघटनेने) काढायला सांगितलं, बाहेरच्या 'युक्रेनचा जयजयकार असो'ला मात्र चाललं. आतलं वाक्य कॅमेऱ्याला दिसतही नव्हतं.

---

शंकासूर:
बरं, क्रोएशिया दिला तुम्हाला. युक्रेनही दिला. बाकीचे नाही देणार.

---

छापखाना_चालू:
मी जर्सी छपाईच्या धंद्यात आहे (लोकल टीमच्या, वर्ल्ड कपच्या नाही, कोणी ऑर्डर द्यायला धावू नका) तर कारागिराच्या बाजूने दोन गोष्टी.

एक, क्लबच्या जर्सीवर छातीच्या मधोमध स्पॉन्सरचं नाव बसतं, डिझाइन करणाऱ्याला ती सगळ्यात मोक्याची जागा मिळतच नाही. वर्ल्ड कपला देशाच्या जर्सीवर स्पॉन्सर चालत नाही, त्यामुळे छाती मोकळी. मोकळी जागा दिसली की डिझायनरचा हात शिवशिवतो, मग त्यात नकाशे, पट्टे, पिसं सगळं येतं.

दोन, हे नक्षीकाम वाढलं त्यात कापडाचा मोठा हात आहे. सुती शर्ट होते तोवर रंगीत कापड, वेगळी कॉलर, शिवलेला बिल्ला, इतकंच जमायचं. ब्राझीलच्या त्या पोराने जे केलं ते शिंप्याला जमेल असंच होतं. पॉलिस्टर आलं आणि सब्लिमेशन आलं, म्हणजे कागदावर छापायचं आणि मशीनच्या उष्णतेने शाईची वाफ होऊन थेट धाग्यात उतरते, वर थर बसत नाही, हाताला लागत नाही, मग काय वाट्टेल ते छापा. १९८८ ची डच जर्सी आठवा, माशाच्या खवल्यांसारखी नक्षी. १९९८ ची मेक्सिकोची तर अख्ख्या शर्टावर अझ्टेक लोकांची ती सूर्याची शिळा, चेहरा, कडी, सगळं. माझ्या मते आजवरची सर्वात भारी जर्सी, वाद नको.

आणि शंकासूर, तुमच्यासाठी एक भेट. पश्चिम जर्मनीची ती प्रसिद्ध जर्सी, पांढऱ्यावर छातीवरून काळा-लाल-सोनेरी वळणावळणाचा पट्टा, १९९० चा वर्ल्ड कप जिंकलेली. ८ जुलै १९९० ला रोममध्ये फायनल, ३ ऑक्टोबरला दोन्ही जर्मनी एक. आता लोक ती जर्सी बघून म्हणतात एकत्र येणाऱ्या देशाचं प्रतीक, दोन तुकडे जोडणारी रिबीन वगैरे. पण ती पहिल्यांदा घातली १९८८ च्या युरोला! बर्लिनची भिंत पडली नोव्हेंबर १९८९ मध्ये. डिझाइन करताना भिंत अगदी भक्कम उभी होती.

---

शंकासूर:
छापखाना, तुम्हाला चहा लागू.

---

रेफरी_आंधळा_आहे:
कारागिरांबद्दल बोलताय तर अजून एक, अक्षरं आणि आकडे पण तपासून घ्यावे लागतात. २०२४ च्या युरोच्या आधी जर्मनीची नवी जर्सी आली, तिच्यावर नाव-नंबर आपल्याला हवा तो छापून मिळायचा, आणि कोणाच्या तरी लक्षात आलं की त्यातला ४ असा काढलाय की ४४ लिहिलं की हिटलरच्या एसएसच्या खुणेसारखं दिसतं. विक्री थांबवली, चार परत काढला. कोणी मुद्दाम केलं असं नाही, पण जर्मनीत हे चालणार कसं. त्याच वेळी इंग्लंडमध्ये कॉलरमागच्या सेंट जॉर्जच्या लाल क्रॉसमध्ये जांभळा-निळा घातला म्हणून पंतप्रधानांपर्यंत बोंबाबोंब. दोन बोटांएवढा क्रॉस होता हो तो.

---

तीन_पायांचा:
जपानचं कोणी घेतलंच नाही.

निळ्याचं कारण सांगतात ते असं की १९३० च्या आसपास राष्ट्रीय टीममध्ये टोकियोच्या इम्पिरियल युनिव्हर्सिटीची पोरं जास्त होती आणि त्यांचा रंग फिका निळा. मग १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला निळ्यात खेळून स्वीडनला ३-२ हरवलं, हाफटाइमला ०-२ मागे होते, त्यामुळे निळा लाभला असं झालं. मध्ये १९८० च्या दशकाच्या शेवटी झेंड्याशी जुळवायला म्हणून लाल जर्सी करून बघितली (भाच्याला सांगा, त्याच्यासारखा विचार करणारी माणसं जपानमध्ये होती), काही जमलं नाही, परत निळे झाले आणि १९९२ चा आशिया कप हिरोशिमाला जिंकले. आता जर्सीची कंपनी दर वेळी समुद्र, आकाश, विजय वगैरे निळ्याचं वर्णन लिहिते. मूळ कारण कॉलेजच्या टीमचे शर्ट.

पण बिल्ल्यावरचा पक्षी मात्र अस्सल. तो तीन पायांचा कावळा आहे, यातागारासु. पुराणकथेत पहिला सम्राट जिम्मू वाट चुकला तेव्हा याने वाट दाखवली. तिसऱ्या पायाखाली बॉल आहे. माझ्या आयडीचं रहस्य आज फुटलं.

---

कोपऱ्यातली_सीट:
आपली भारताची टीम पण निळीच की, ब्लू टायगर्स. आणि झेंड्यात निळं म्हणाल तर अशोकचक्रापुरतं. ती जोडी लावायला दिली होतीत का भाच्याला?

---

निळी_शाई:
दिली होती. ती त्याला न बघता आली, त्यावर काही शंकाच नाही. स्वतःची टीम आहे म्हटल्यावर झेंडा कोण तपासतो.

बाकी मंडळी, हात जोडले. त्याला बसवून इटली, ऑरेंज, कावळा सगळं सांगितलं. राजा गेला आणि शर्ट राहिला हे त्याला फार आवडलं, मग विचारतो राजाने शर्ट परत मागितला नाही का. ब्राझीलची जर्सी उरुग्वेच्या फॅनने केली हे ऐकून तो पाच मिनिटं लोळून हसला आणि आता सगळं सोडून उरुग्वेच्या मागे लागलाय. त्यातून नवा प्रश्न आलाय: उरुग्वेने वर्ल्ड कप दोनदाच जिंकलाय, १९३० आणि १९५०. एका कपाला एक तारा लावतात, पण बिल्ल्यावर तारे चार आहेत. म्हणतो मामा हे तर चीटिंग आहे.

---

जुना_फुलबॅक:
चीटिंग नाही, हिशेब वेगळा. १९२४ पॅरिस आणि १९२८ अॅमस्टरडॅम, दोन्ही ऑलिंपिकचं फुटबॉल सोनं उरुग्वेचं. तेव्हा वर्ल्ड कप सुरूच झाला नव्हता आणि त्या दोन स्पर्धा फिफाच्या देखरेखीखाली झाल्या होत्या, तेव्हा त्या आमच्या लेखी वर्ल्ड कपच, असं ते म्हणतात. २०२१ मध्ये फिफाने जर्सी बनवणाऱ्या प्यूमाला कळवलं की दोन तारे काढा, उरुग्वेवाल्यांनी ऐकून घेतलं आणि चारच ठेवले.

---

निळी_शाई:
हे सांगायला नको होतं. त्याने लगेच यादी शोधली, इटलीने १९३६ चं ऑलिंपिक सोनं जिंकलंय म्हणे, मग त्यांचे चारऐवजी पाच.

---

जुना_फुलबॅक:
नाही चालणार. १९३० ला वर्ल्ड कप सुरू झाला, त्यानंतरचं ऑलिंपिक धरत नाहीत. सांगा त्याला.

---

निळी_शाई:
सांगितलं. उशीर झाला, त्याने पुस्तकातल्या इटलीच्या बिल्ल्यावर पाचवा तारा काढून टाकलाय. तोही पेनाने.